पुढच्याला लागलेली ठेच

गोंदियाजवळच्या बिरसीला विमान शिकायला आलेल्या पोरांकडे वेळ नसतो, हे काही खरं नाही. वेळच वेळ असतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं उठेपर्यंत थांबायचं. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा तापून छोटं विमान हेलकावे खायला लागलं की थांबायचं. पावसाळ्यात ढग किती खाली उतरलेत ते बघत थांबायचं. विमान दुरुस्तीला गेलं, थांबा. प्रशिक्षक दुसऱ्याला घेऊन वर गेलेत, थांबा. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. सलग मोजलं तर ते साडेआठ दिवसही भरत नाही, पण पुरं व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मधला काळ बहुतेक वाट बघण्याचा. त्या वेळात हातात असतो मोबाइल, आणि परीक्षा जवळ आली असेल तर परवाने देणाऱ्या डीजीसीएच्या पेपरांची क्वेश्चन बँक.

क्वेश्चन बँकेबद्दल माझी तक्रार नाही. नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स हे पेपर सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि घरच्यांनी कर्ज काढून, कुठे शेत विकून फी भरलेली असते. पण दुसरा एखादा वैमानिक कुठे, कसा आणि काय विचार करता करता फसला, यावर पेपर नाही, म्हणून त्याला गुण नाहीत आणि वेळापत्रकात तासही नाही. ज्याला तास नाही ते वाचन ‘सवड मिळेल तेव्हा’च्या खात्यात जातं, आणि त्या खात्यात काय जमा होतं ते आपण सगळे जाणतो. विमान अपघातांच्या चौकशी अहवालांवर आधारलेलं हे मराठी पुस्तक त्या वाट बघण्याच्या वेळेवर हक्क सांगायला आलं आहे.

बिरसीची धावपट्टी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी ती बांधली. युद्ध संपलं आणि भाताच्या बांध्यांमधली ही लांबलचक पट्टी कित्येक दशकं जवळपास निजून राहिली. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून इथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी केली. पुढे रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या राष्ट्रीय अकादमीची विमानंही इथून उडू लागली. प्रवाशांचं विमान फार उशिरा आलं. हैदराबादला जाणारं इंडिगोचं विमान डिसेंबर २०२३ पासूनचं. म्हणजे कामठा, परसवाड्याकडच्या माणसाला विमान म्हटलं की आधी आठवतं ते डोक्यावरून दिवसभर गरगर फिरणारं, पोरंटोरं शिकत असलेलं छोटं डायमंड विमान.

त्यातली काही विमानं परत आली नाहीत. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या तारेला धडकून कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेले. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहूनच निघालेलं दुसरं विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात पडलं. तिथेही प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघं गेले.

अशा वेळी काय होतं ते बघण्यासारखं आहे. बातमी चार दिवस चालते. संस्थेत सगळे गप्प होतात, काही दिवस उड्डाणं बंद राहतात, मग हळूहळू सुरू होतात. चौकशीचा अंतिम अहवाल यायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. तोवर ती तुकडी पास होऊन निघून गेलेली असते. ज्यांनी तो रिकामा पलंग, ते बंद कपाट पाहिलं ती पोरं कुठल्या तरी कंपनीच्या एअरबसवर को-पायलट झालेली असतात. नव्या तुकडीला वैनगंगेवरची तार ठाऊक नसते. तिच्या लेखी वैनगंगा ही नकाशावरची खूण, वरून चटकन ओळखू येणारी नदी. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणायला सोपं आहे. त्यासाठी मागच्यानं पुढच्याला ठेचकाळताना बघितलेलं असावं लागतं. प्रशिक्षण संस्थेत तर पुढचा आणि मागचा एकमेकांना भेटतच नाहीत. एक तुकडी निघाली की तिची आठवणही तिच्या बॅगेतून जाते. मागे उरतो तो फक्त कागद.

तारेचंच घ्या. आकाशातून तार दिसत नाही, ही गोष्ट जमिनीवर उभं राहून पटत नाही. खालून बघताना तिच्यामागे उजळ आभाळ असतं. वरून बघताना मागे असते नदी, रेती, झाडी, आणि तार त्यात विरघळून जाते. म्हणून जाणते वैमानिक तार शोधत नाहीत, खांब शोधतात. दोन काठांवर समोरासमोर उंच काही उभं दिसलं की मधे तार आहे असंच धरून चालायचं. हे एका वाक्याचं ज्ञान. ते मिळवण्यासाठी जगात किती विमानं तारांत अडकली असतील! आणि ते वाक्य आयतं वाचायला पाच सेकंद पुरतात.

दुसऱ्याचा अनुभव वेळेवर हाती न आल्यानं काय होतं, याचं सगळ्यात बोचरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनला उतरायला चाललेलं. वाऱ्यामुळे त्याला शहराजवळच्या विमानतळाऐवजी डलेस विमानतळाकडे वळवलं. खराब हवा, खाली ढग. नियंत्रकानं ‘अप्रोचला परवानगी’ दिली. वैमानिकांनी त्याचा अर्थ असा लावला की आता लगेच १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. नियंत्रकाच्या मनातला अर्थ वेगळा होता: डोंगर मागे पडेपर्यंत उंची सांभाळणं हे वैमानिकाचं काम. दोन्ही बाजू आपापल्या जागी निर्धास्त. विमान डोंगरावर आदळलं आणि आतले ९२ जण, सगळेच्या सगळे, गेले.

चौकशीत पुढे आलं ते असं. साधारण सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीच्या एका विमानानं, त्याच विमानतळाकडे उतरताना, नेमका हाच गैरसमज करून घेतला होता आणि ते थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते लपवलं नाही. आपल्या कंपनीला कळवलं, आणि कंपनीनंही तत्परतेनं आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केलं. आपल्या! टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत तो कागद पोचायला काही वाटच नव्हती. इथे कुणी आळस केला नाही, कुणी काही दडवलं नाही, तरी ९२ माणसं गेली. अनुभव होता, लिहून ठेवलेला होता, फक्त शेजारच्या घरात होता.

त्या अपघातानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग नाव गुप्त ठेवून कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. ती चालवायला मुद्दाम ‘नासा’कडे दिली, कारण शिक्षा करण्याचा अधिकार ज्याच्या हातात त्याच्यापुढे कोण कबुली देणार? त्या कबुल्यांमधून निवडलेलं ‘कॉलबॅक’ नावाचं छोटं मासिक पत्रक १९७९ पासून निघतं आणि ते जगात कुणालाही फुकट वाचता येतं. बिरसीच्या हॉस्टेलमध्येसुद्धा.

आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण ब्युरो २०१२ साली स्थापन झाला. डीजीसीए नियम करते, परवाने देते आणि काढूनही घेते. तिनंच अपघाताची चौकशी करणं बरं नव्हे, म्हणून हा वेगळा संसार. आंतरराष्ट्रीय करारानुसार आणि आपल्या नियमांनुसार या चौकशीचा हेतू एकच आहे: पुन्हा असं होऊ नये. दोष कुणाचा हे ठरवणं तिचं काम नाही. अहवाल ब्युरोच्या संकेतस्थळावर उघडे असतात. इंग्रजीत, रूक्ष, आकड्यांत विभागलेले. १.१ म्हणजे उड्डाणाची हकिकत, १.५ म्हणजे माणसांची माहिती, १.७ हवामान, १.१७ संस्था आणि तिचा कारभार. मग विश्लेषण, मग निष्कर्ष, शेवटी शिफारशी. मृतांची नावं सहसा नसतात. माणूस ‘पीएफ’ आणि ‘पीएम’ होतो, म्हणजे विमान चालवणारा आणि लक्ष ठेवणारा. या कोरड्या कागदाचं मराठी करताना संकलकांनी त्यात रंग भरला नाही, याबद्दल त्यांचे खास आभार. विमान अपघातावर मराठीत लिहायचं म्हटलं की ‘काळानं झडप घातली’ हे वाक्य आपोआप उमटतं. काळानं झडप घातली असेल तर मग शिकायचं काय?

आता ज्या दोन प्रकरणांसाठी हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं, त्यांच्याकडे येतो.

२२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूला डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले, आपले पुण्याचे. अहवाल म्हणतो: कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता, विमान उतरताना फार उंचावर आणि फार वेगात होतं, आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर त्याची चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फूट ओलांडल्यावर. आणि को-पायलटनं तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. उतरू नका, वर घ्या, पुन्हा फेरी मारून या.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी, त्याच कंपनीचं, पुन्हा दुबईहूनच आलेलं विमान कोझिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळलं. १९० पैकी २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे यांचं घर नागपूरचं, हवाई दलात नावाजलेले, अनुभव दांडगा. विदर्भानं त्यांना वीर म्हणून निरोप दिला आणि तो मनापासून दिला. वर्षभरानं आलेला अहवाल मात्र वेगळं सांगतो: स्थिर न झालेला अप्रोच पुढे चालू ठेवला, विमान जवळपास अर्धी धावपट्टी ओलांडून टेकलं, आणि को-पायलटनं ‘गो अराउंड’ म्हटलं तरी उतरणं थांबवलं नाही.

हे वाचणं बिरसीतल्या विदर्भाच्या मुलाला जड जाईल. मलाही गेलं. पण इथे थांबू नये, कारण याच अहवालात पुढची पानं आहेत. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, आणि बाहेर मुसळधार पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणाऱ्या उड्डाणावर त्यांची गरज पडण्याची शक्यता होती, कारण त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते. दुसरीकडे उतरलो तर उद्याचं कोण नेणार? ही टाळाटाळ नाही, उलट कर्तव्यबुद्धी. अहवालानं ती चुकीच्या जागी वळलेली प्रेरणा मानली आहे, आणि तळावर पुरेसे कॅप्टन नसणं हे कंपनीच्या माथी मारलं आहे. कर्तबगार, सरळ माणूस कामाच्या ओढीनं कसा अडकत जातो, याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वीर की दोषी, हा प्रश्नच अहवाल विचारत नाही. आपणही विचारू नये. नागपूरच्या घराला ते दुःख आहे तेवढं पुरे आहे.

मग मंगळुरूचा अहवाल कुणी वाचला नव्हता का? तसं म्हणता येणार नाही. देशात डोंगरमाथ्यावर विमान उतरवणाऱ्या प्रत्येकाला मंगळुरू ठाऊक होतं. माहिती होती. कामाच्या वाचनाबद्दल जे गुणगान चालतं ते इथे अडखळतं, आणि अडखळायलाच हवं. माहिती म्हणून वाचलेला अपघात दुसऱ्याचाच राहतो. ‘कॅप्टन झोपला होता’ हे वाक्य वाचलं की वाचणारा आत कुठेतरी सुटकेचा श्वास टाकतो: मी नाही झोपणार. झालं! पुस्तक मिटलं.

कोझिकोडच्या अहवालात एक ओळ आहे जी शिकणाऱ्याला उद्देशून नाही, पण मला ती त्याच्यासाठीच वाटते. सांगूनही कॅप्टन थांबत नाही म्हटल्यावर को-पायलटनं नियंत्रण स्वतःकडे घेऊन विमान वर न्यायला हवं होतं, ते झालं नाही, असं तिचं म्हणणं. नियंत्रण घेण्याचे शब्द जगभर ठरलेले आहेत: ‘आय हॅव कंट्रोल.’ बिरसीतला विद्यार्थी ते पहिल्याच उड्डाणात ऐकतो. पण कुणाच्या तोंडून? प्रशिक्षकाच्या. पोरगं चुकलं, नाक फार वर गेलं, की शेजारून आवाज येतो, ‘आय हॅव कंट्रोल’, आणि पोरगं निमूट हात काढून घेतं. शंभर-दीडशे तास हे शब्द वरून खालीच येत राहतात. सरांना ‘सर, तुमचं चुकतंय’ म्हणायची सवय आपल्याला शाळेपासून नाही. त्यात प्रशिक्षणही याच दिशेचं. पुढे तेच पोरगं दहा हजार तासांच्या कॅप्टनशेजारी बसणार आणि एखाद्या पावसाळी रात्री तेच शब्द खालून वर म्हणायची पाळी येणार. हे त्याला कोणता पेपर शिकवतो?

म्हणून वाचायची रीत महत्त्वाची. प्रत्येक प्रकरणात उड्डाणाची हकिकत जिथे संपते तिथे एक कोरी जागा सोडली आहे. तिथे खरंच थांबायचं. शेवट काय झाला ते माहीत असतंच, ते विसरायचं आणि त्या क्षणी कॉकपिटात जेवढं दिसत होतं तेवढ्यावर लिहायचं: मी काय केलं असतं, आणि कशामुळे. मग विश्लेषण उघडायचं. माझा अंदाज आहे की प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच दरीत जातील. १.५ आणि १.१७ हे भाग मुलं कंटाळून उलटतात. उलटू नयेत. माणूस किती दिवस सलग कामावर होता, तळावर माणसं किती कमी होती, दुरुस्तीची नोंद कुणी केली नव्हती, हे तिथे असतं, आणि विमान बहुतेकदा उडण्याआधीच तिथे पडायला लागलेलं असतं.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर महिन्यानं प्राथमिक अहवाल आला, तेव्हा तो देशभर रातोरात वाचला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर, चहाच्या टपरीवर, टीव्हीच्या पॅनेलवर. वाचायला वेळ नाही असं त्या रात्री कुणी म्हटलं नाही. पण वाचला तो आरोपी शोधायला. वैमानिक की कंपनी, एवढंच. अपुऱ्या अहवालातून हवं ते काढता येतं. पुऱ्या अहवालाला धीर लागतो.

हे पुस्तक फक्त वैमानिकांचं नाही. १९९३ च्या २६ एप्रिलला (वैनगंगेच्या अपघाताचीही हीच तारीख) औरंगाबादच्या चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना, आणि पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. विमानाचं नाक उचलायला उशीर झाला हा वैमानिकांचा भाग. पण विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक अडवली नव्हती, हाही निष्कर्ष तितकाच ठळक आहे. फाटकावरच्या माणसाचाही तो धडा. बिरसीभोवती ट्रक कमी, तलाव जास्त. परसवाड्याच्या, झिलमिलीच्या तलावांवर हिवाळ्यात पक्षी येतात, आणि महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदियातच यावं लागतं. सारसाचं कौतुक आम्हा सगळ्यांना आहे. माणसाएवढा उंच पक्षी छोट्या विमानाच्या काचेवर आला तर काय होईल, याचा विचार टॉवरमधल्यानं, अग्निशमनवाल्यानं, कुंपणाशी कचरा टाकणाऱ्यानंसुद्धा करायला हवा. पक्ष्यांवरचं प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

वेळेचं काय, ते स्पष्टच सांगतो. विद्यार्थ्यांनी ‘आवड जोपासावी’ वगैरे उपदेशावर माझा भरवसा नाही. पहाटे चारला उठलेलं, ग्राउंड क्लास करून आलेलं पोरगं रात्री अहवाल वाचणार नाही, आणि वाचू नये, त्यानं झोपावं. झोपेचं महत्त्व मंगळुरूनं पुरेसं शिकवलं आहे. हे वाचन वेळापत्रकात यायला हवं. धुक्यानं उड्डाणं थांबली की ब्रीफिंग रूममध्ये एक प्रकरण, असा साधा नियम पुरे. तो वेळ ड्यूटीत धरावा, हजेरीत धरावा, आणि उड्डाण-प्रमुखानं स्वतः येऊन बसावं. प्रमुख बसत नाहीत तो तास दोन महिन्यांत मरतो.

क्रम वाचणाऱ्यानं आपल्या सोयीनं लावावा. नवख्यानं औरंगाबादपासून सुरुवात करावी, ते समजायला सोपं आहे. पालकांनी वैनगंगेचं प्रकरण आधी वाचू नये, एवढी विनंती. कोझिकोडचं मात्र एकट्यानं वाचण्याचं नाही. दोघांनी शेजारी बसावं, एकानं कॅप्टनचं वाचावं, दुसऱ्यानं को-पायलटचं, मोठ्यानं. मग अदलाबदल करावी. आणि जोडीत एक प्रशिक्षक असेल तर पहिल्या खेपेला त्यांनी को-पायलटचं वाचावं.